आराखडा दुसऱ्याचा, फोर्क तुमचा: बांबूच्या माउंटन सायकलची मापं कशी बसवायची

शहाद्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: उंची ५ फूट ६ इंच, चाकं २९ इंची, फोर्क (पुढचं चाक धरून धक्के झेलणारा भाग) १२० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, आणि सरळ स्टिअरर (फोर्कची फ्रेममध्ये जाणारी वरची नळी) असलेला. इंटरनेटवर बांबूच्या माउंटन सायकलचा आराखडा मिळालाय, पण तो सहा फुटी माणसासाठी आणि १०० मिमीच्या फोर्कसाठी काढलेला आहे. त्यात हेड अँगल (स्टिअररच्या रेषेचा जमिनीशी कोन) ६९ अंश, सीट अँगल (सीटखालच्या नळीचा तसाच कोन) ७३, चेनस्टे (बीबीपासून मागच्या एक्सलपर्यंतची नळी) ४२५ मिमी, बीबी ड्रॉप ६५ मिमी. बीबी म्हणजे क्रँकचा आस फिरतो ती जागा, आणि ड्रॉप म्हणजे ती एक्सलच्या रेषेपेक्षा किती खाली आहे ते. तोरणमाळचा घाट चढायचाय आणि सातपुड्यातल्या पायवाटांनी उतरायचंय. उतारावर सायकल स्थिर राहावी म्हणून हेड अँगल ६५ करावा का, आणि बाकीची मापं आहेत तशी ठेवली तर चालेल का?

६५ करू नका, ६७ पुरे. आणि बाकीची मापं तशीच ठेवून चालणार नाही. फोर्क बदलला तेव्हाच तो आराखडा बदलला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. सायकलची भूमिती बांबूत नसते. ती असते हेडट्यूब (स्टिअरर ज्यात फिरतो ती पुढची नळी), बीबी शेल, सीटपोस्टचं नळकांडं आणि दोन ड्रॉपआउट (मागचा एक्सल अडकतो ते तुकडे) या धातूच्या तुकड्यांच्या जागांमध्ये. बांबू त्या जागा फक्त धरून ठेवतो. लोखंडी फ्रेम दोन-तीन मिमी वाकडी झाली तर जुना मिस्त्री पायाखाली घेऊन ती सरळ करून देतो. बांबूचं तसं नाही. बांबू लवचीक म्हणून नंतर ओढूनताणून नीट करता येईल असं पुष्कळांना वाटतं. पण सांध्यावरची तंतूंची गुंडाळी आणि रेझिन एकदा पक्कं झालं की ओढल्यावर बांबू वाकून परत जागेवर येतो, किंवा सांधा तडकतो. तेव्हा जे काय बदलायचं ते कागदावर आणि जिगमध्ये, म्हणजे जोडताना तुकडे जागेवर धरणाऱ्या साच्यात.

सुरुवात फोर्कपासून. फोर्क उभा धरा आणि एक्सलच्या मध्यापासून क्राउनवर (फोर्कचे दोन पाय वर जुळतात तो भाग) जिथे बेअरिंगची रिंग बसते तिथपर्यंत, स्टिअररच्या रेषेला समांतर मोजा. कंपनीच्या कागदावरचा आकडा घेऊ नका, स्वतः टेप लावा. तुम्ही ५२५ लिहिलंय, आराखड्यात ५०० आहे. हा २५ मिमीचा फरक किरकोळ वाटतो, पण तो लांब फोर्क त्याच फ्रेमला लावला तर पुढची बाजू साधारण २३ मिमी वर उचलली जाते आणि अख्खी फ्रेम मागच्या एक्सलभोवती एक अंशाहून जरा जास्त फिरते. म्हणजे हेड अँगल ६८ च्याही खाली, सीट अँगल ७२ च्याही खाली, बीबी जवळजवळ ९ मिमी वर. यातला पहिला बदल तुम्हाला हवा होता. दुसरा घाटात मारक आहे, कारण सीट मागे गेली की चढावर पुढचं चाक हलकं पडतं.

दुसरा मुद्दा बहुतेक आराखड्यांत लिहिलेलाच नसतो: कोन रिकाम्या सायकलचे की माणूस बसल्यानंतरचे? मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर तुम्ही बसलात की फक्त पुढचा फोर्क दबतो. १२० मिमीच्या फोर्कला २० टक्के सॅग (माणसाच्या वजनाने दबणं) धरला तर २४ मिमी. त्यामुळे हेड आणि सीट हे दोन्ही कोन साधारण एक अंशाने उभे होतात आणि बीबी ८-९ मिमी खाली येतो. तुमच्या आराखड्यात १०० मिमीच्या फोर्कला ५०० लांबी दिलीय, म्हणजे ती न दबलेली लांबी आहे. त्याचं ६९ हे प्रत्यक्षात चालवताना ७० होतं. ही क्रॉस-कंट्री शर्यतीची मापं झाली. सपाट, घट्ट मातीच्या ट्रॅकवर ती पळतात. लळिंगच्या किल्ल्याखालच्या सुट्या मुरमावर पुढचं चाक प्रत्येक दगडाला विचारून वळतं.

मग ६५ का नको? ट्रेलचा, म्हणजे स्टिअररची रेषा जमिनीला भिडते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतच्या अंतराचा, हिशेब करून बघा. चाकाची त्रिज्या गुणिले हेड अँगलचा कोसाइन, त्यातून फोर्कचा ऑफसेट (एक्सल स्टिअररच्या रेषेच्या जितका पुढे असतो ते अंतर) वजा, आलेल्या उत्तराला त्याच कोनाच्या साइनने भागायचं. २९ च्या चाकाला २.३ चा टायर असेल तर त्रिज्या ३७० मिमीच्या आसपास येते (रिमचा व्यास ६२२, त्याची निम्मी ३११, वर टायरचे ५८ ते ५९). ऑफसेट ४४ धरा. ६९ अंशाला ट्रेल ९५ मिमी, ६७ ला १०९, ६५ ला १२४. एका अंशाला साधारण सात मिमी. ट्रेल जितका जास्त, तितकी सायकल वेगात सरळ जाते आणि तितकीच चढावर, चालण्याच्या वेगात, इकडेतिकडे भरकटते. तोरणमाळ १,१०० मीटरपेक्षा उंच आहे. उतरताना जी मजा येते तिच्या कितीतरी पट वेळ तुम्ही चढत असणार, आणि तोही हळू. रिकाम्या सायकलला ६७, बसल्यावर ६८, ट्रेल १०२: या मापावर घाटही चढतो आणि उतारावर हातही थरथरत नाहीत.

दुसरं कारण बांबूचं. खालून धक्का आला की तो हेडट्यूबच्या सांध्याला पिरगाळतो, आणि किती पिरगाळतो ते एक्सल आणि क्राउन यांच्यातल्या आडव्या अंतरावर ठरतं. तुमच्या मूळ आराखड्यात हे अंतर २२० मिमी आहे. ५२५ चा फोर्क आणि ६७ अंश धरले तर २४६. ६५ केलं तर २६२. म्हणजे तोच दगड, तोच माणूस, आणि सांध्यावर जवळपास एक-पंचमांश जास्त जोर. कारखान्यातली ६५ अंशाची फ्रेम या जोरासाठी आतून जाड केलेल्या नळ्यांनी बनते. आपण हाताने गुंडाळलेला सांधा तिथे उगाच का ताणायचा? ज्यांना ६५ हवंच आहे त्यांनी बांबूचा नाद सोडून लोखंड वेल्ड करावं, माझं स्पष्ट मत आहे.

कोन कागदावर उतरवताना मोबाइलच्या अ‍ॅपवर विसंबू नका. त्यात अर्धा अंश इकडेतिकडे सहज होतो आणि इथे अर्धा अंश म्हणजे साडेतीन मिमी ट्रेल. साधी पद्धत: एक मीटर उभी रेषा काढा, तिच्या टोकापासून आडवं माप घ्या. ६७ अंशाला आडवं ४२४ मिमी, ६८ ला ४०४, ६९ ला ३८४. सीटच्या ७३ अंशाला ३०६, ७४ ला २८७. टेप आणि गुण्या एवढ्यावर कोणत्याही सुताराकडे हे काम होतं, आणि चूक झाली तरी एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची. चित्र प्लायवूडवर किंवा फ्लेक्सच्या पाठीमागच्या पांढऱ्या बाजूवर, खऱ्या मापात काढा. निवडणूक झाली की फ्लेक्स फुकट मिळतात.

आता उंचीचा हिशेब, कारण कमी उंचीच्या माणसाची २९ ची सायकल इथेच बिघडते. बीबीच्या मध्यापासून हेडट्यूबच्या वरच्या तोंडापर्यंतची उभी उंची, म्हणजे स्टॅक, अशी जुळते: बीबी ड्रॉप ५५, फोर्कची उभी उंची ४६६ (५२५ ला ६७ अंशाच्या साइनने गुणून, ऑफसेटमुळे एक्सल वर आला तेवढे १७ वजा), खालच्या कपाचे काही मिमी, आणि हेडट्यूब. हेडसेटचा (स्टिअररच्या बेअरिंगचा संच) खालचा कप बाहेर बसणारा असला तर त्याचेच ११-१२ मिमी जातात. म्हणून हेडट्यूब ४४ मिमी आतल्या व्यासाची घ्या, म्हणजे सरळ स्टिअररसाठीचे कप आत जातात आणि खाली फक्त दोन-तीन मिमी दिसतात. ११० मिमीची हेडट्यूब धरली तर बेरीज ६२५ च्या आसपास येते. तुमच्या उंचीला ही वरच्या टोकाची आहे, पण चालण्यासारखी. हँडलबार सपाट घ्या, स्टेमखाली (हँडलबार धरणारा तुकडा) उंची वाढवणाऱ्या स्पेसरच्या रिंगा ठेवू नका.

हेडट्यूब ९० करून स्टॅक कमी करावा असं वाटेल. लोखंडात करतात. बांबूत टॉप ट्यूब (वरची नळी) ३६-३८ मिमीची आणि डाउन ट्यूब (हेडट्यूबपासून बीबीकडे उतरणारी) ४२-४५ ची, त्यातही डाउन ट्यूब तिरकी येते म्हणून तिचं तोंड आणखी लांबट. ९० मिमीमध्ये दोन्ही एकमेकींवर चढतात आणि गुंडाळीला दोघींच्या मधून जायला जागाच उरत नाही. मग सगळा सांधा एकच गोळा होतो: दिसायला दणकट, पण आत तंतू कुठेही नीट ताणून बसलेले नाहीत. ११० च्या खाली जाऊ नका.

रीच, म्हणजे बीबीपासून हेडट्यूबच्या वरच्या तोंडापर्यंतचं आडवं अंतर, सहा फुटी माणसाचा ४५५ आहे. तुम्हाला ४१० बरा, ५० मिमीच्या स्टेमसह. सीट अँगल ७३ वरून ७४ करा. बसल्यावर तो ७५ होईल आणि चढावर नितंब मागे सरकल्यासारखे वाटणार नाहीत. या मापांनी टॉप ट्यूबची आडवी लांबी ५९० च्या जवळ येते, ती तुमच्या हाताच्या लांबीला ठीक आहे. सीट ट्यूब ४०० पुरे. टॉप ट्यूबला मागे चांगला उतार द्या. सांध्यावरची गुंडाळी वरूनही पाच-सहा मिमी फुगते, हे उभं राहण्याच्या जागेच्या मापात धरायला लोक विसरतात.

बीबी ड्रॉप ६५ वरून ५५ वर आणायला सांगतोय त्याचं कारण आपले दगड. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या दोन्ही रांगांत वाटेवर काळ्या दगडाचे सुटे धोंडे असतात, त्यांना धार असते आणि ते पायडलच्या उंचीचेच असतात. ३७० त्रिज्येतून ५५ गेले की बीबी ३१५ वर, बसल्यावर ३०६. १७० चा क्रँक (पायडलचा दांडा) असेल तर पायडलच्या एक्सलखाली १३६ मिमी उरतात. १६५ चा क्रँक मिळाला तर तोच घ्या, उंचीलाही तो शोभतो. आणि पुढेमागे या फ्रेमला २७.५ ची चाकं टाकायचा विचार आत्ताच सोडा. त्याने बीबी २० मिमी खाली येतो आणि पाटणादेवीच्या जंगलातल्या वाटेवर पायडल वाजत राहतं.

आता चेनस्टे. बांबूची माउंटन सायकल इथेच अडते, आणि आराखडा काढणाऱ्याने ४२५ लिहिताना बहुतेक लोखंडी नळ्या डोळ्यांसमोर ठेवल्या असाव्यात.

बीबीच्या मागे किती जागा आहे ती बघा. ३२ दातांच्या चेनरिंगची (क्रँकवरचं दातेरी चक्र) त्रिज्या ६५ मिमी, दातांच्या टोकापर्यंत ६७-६८. ही चेनरिंग मध्यरेषेपासून ४९ ते ५२ मिमीवर फिरते, म्हणजे तिच्या आतून जाणाऱ्या चेनस्टेची बाहेरची कड मध्यरेषेपासून ४५ च्या आत राहिली पाहिजे. चेनस्टे ४२५ असेल तर टायरचं पुढचं टोक बीबीपासून फक्त ५५ मिमीवर येतं, आणि टायर सर्वांत रुंद होतो तो ८४-८५ मिमीवर. तिथे टायर ५८ मिमी रुंद, दोन्ही बाजूंना चिखलासाठी आठ-आठ मिमी, म्हणजे दोन चेनस्टेंमध्ये ७४ मिमी मोकळे हवेत. २२ मिमीचा बांबू घेतला तर त्याची बाहेरची कड मध्यापासून ५९ वर गेली. ६८ मिमीवर ४५ च्या आत असलेली काठी ८५ मिमीवर ५९ ला पोचायला हवी: सतरा मिमी अंतरात चौदा मिमी बाहेर. लोखंडी नळी तिथे चेपतात. बांबू चेपला की फुटतो.

आठ मिमी कशाला, चार पुरे की, असं पुण्याकडच्या सायकलवाल्यांना वाटेल. काळ्या मातीत पहिला पाऊस पडल्यावर तापीकाठच्या शेतरस्त्याने एकदा सायकल घालून बघा. माती टायरला चिकटते, टायरवरची माती फ्रेमला घासते, शेवटी चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर येते. लोखंडी फ्रेमचा त्यात रंग जातो. बांबूची वरची चकचकीत साल जाते, आणि बांबूची सगळी ताकद त्या बाहेरच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असते. जागा कमी पडली म्हणून कानस घेऊन चेनस्टे आतून तासणारे लोक पाहिले आहेत. तसं चुकूनही करू नका.

मार्ग तीन आहेत आणि तिन्ही थोडेथोडे वापरायचे. पहिला, चेनस्टे ४४८ करा. टायरची रुंद जागा १०७ मिमीवर गेली. दुसरा, चेनरिंग ३० दातांची. तिचं टोक ६३-६४ वर संपतं. आता बाहेर जायला सतराऐवजी त्रेचाळीस मिमी मिळाले. तिसरा, बांबू बारीक घ्या, पण भरीव. आपल्या सातपुड्यात मिळणारी मानवेल यासाठी देवाने दिल्यासारखी आहे: तिची बारीक काठी जवळजवळ भरीव असते, त्यामुळे १८-१९ मिमीची काठीही चेनस्टेचं काम करते. १८ ची काठी घेतली तर टायरपाशी बाहेरची कड ५५ वर येते, म्हणजे त्रेचाळीस मिमीत दहा मिमी. एवढा बाक शेकून देता येतो.

बाक कसा द्यायचा हे पुस्तकात शोधण्यापेक्षा लाठ्या शेकून सरळ करणाऱ्याकडे किंवा एखाद्या जुन्या बुरुडाकडे तासभर बसा. काठी निखाऱ्यावर सतत फिरवत राहायची, साल काळी पडू द्यायची नाही. आतला ओलावा तापून सालीवर चकाकी येते आणि काठी हाताला मऊ लागते. मग ती दोन खुंट्यांमध्ये हव्या त्यापेक्षा जरा जास्त वाकवून थंड होईपर्यंत दाबून ठेवायची, कारण सोडल्यावर ती थोडी परत येते. वाकवलेल्या काठ्या आठवडा-दोन आठवडे तशाच पडू द्या आणि मग माप घ्या. डाव्या-उजव्या काठीचा बाक एकसारखा नसला तरी बिघडत नाही. टायरपाशी दोन्हीकडे मध्यरेषेपासून ३७ मिमी मोकळे असले की झालं. भरीव काठीसुद्धा जागेवर बसत नसेल तर बीबी शेलला मागे लोखंडी पट्टीचा छोटा जोड वेल्ड करून घ्या आणि चेनस्टे चेनरिंगच्या मागून सुरू करा. वजन थोडं वाढतं, डोकेदुखी जाते.

४४८ चा चेनस्टे लांब आहे, पुढचं चाक उचलायला जरा जास्त जोर लागतो, हे खरं. पण चढावर तेच चाक जमिनीला धरून राहतं. या सगळ्या मापांनी व्हीलबेस (दोन एक्सलमधलं अंतर) ११४५ च्या जवळपास जातो, तुमच्या उंचीला तो व्यवस्थित आहे.

बांबूबद्दल थोडक्यात, कारण त्यावर प्रश्न नव्हता. तीन वर्षांपेक्षा जुनी काठी, पावसाळा सरल्यावर थंडीत तोडलेली, बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवलेली, सावलीत वाळवलेली. खानदेशच्या उन्हात उघड्यावर ठेवली तर दोन दिवसांत चिरते. वाळली का हे बघायला दर आठवड्याला किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. उतरायचं थांबलं की तयार. भूमितीशी याचा संबंध आहे. ओली काठी लावली तर ती गुंडाळीच्या आत वाळून बारीक होते, सांध्यात केसाएवढी फट पडते आणि ६७ अंश मग दिवसागणिक वेगळे भासतात.

जिग. १८-१९ मिमीचा प्लाय, त्यावर तुमचं खऱ्या मापातलं चित्र, आणि धातूचे तुकडे धरून ठेवणारे ठोकळे. सगळ्या तुकड्यांचा मध्य प्लायपासून एकाच उंचीवर हवा. मी ८० मिमी ठेवतो, म्हणजे १३५ मिमीच्या मागच्या हबची निम्मी रुंदी आणि ड्रॉपआउट खाली टेकत नाहीत. हब १३५ चा आहे की १४२ की १४८ हे तुम्ही लिहिलेलं नाही. बाजारातल्या नावावर जाऊ नका, हबच्या दोन तोंडांमधलं अंतर मोजा आणि तेवढ्या लांबीचा लोखंडी बार ड्रॉपआउटमध्ये अडकवून जिगला पक्का करा. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरची (चकती दाबणारा भाग) जागा ड्रॉपआउटवरच असलेले ड्रॉपआउट घ्या. बांबूवर नंतर ती जागा चिकटवणं म्हणजे आजार ओढवून घेणं.

नळ्या कापताना अडचण येते ती बांबूच्या आकाराने. एका टोकाला ४४, दुसऱ्याला ३९, मध्ये पेर जरा वाकडं, गाठ एका बाजूला फुगलेली. मध्यरेषा धरायची कुठून? काठीच्या मधल्या भागाकडे बघूच नका. दोन्ही टोकांच्या तोंडांवर मध्यबिंदू काढा. त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा ही त्या नळीची रेषा. मध्ये काठी चार-पाच मिमी बाहेर गेली असेल तर तो बाक वर किंवा खाली, म्हणजे सायकलच्या उभ्या पातळीत फिरवून ठेवा. डावी-उजवीकडे कधीच नको, तिथे तो गुडघ्याला आणि क्रँकला लागतो. डाउन ट्यूबचं जाड सालीचं, बुंध्याकडचं टोक हेडट्यूबकडे. जमेल तिथे गाठ सांध्याच्या जवळ येऊ द्या, काठी चिरत गेलीच तर गाठीपाशी थांबते.

तोंडाला खाच पाडायला होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) वापरत असाल तर आधी कागदी टेप घट्ट गुंडाळा आणि दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं कापा, नाहीतर पलीकडून साल उडते. खाच हेडट्यूबला घट्ट बसलीच पाहिजे असा हट्ट नको. दीड-दोन मिमीची फट रेझिनमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून भरता येते. उलट, नळी ठोकून बसवली तर ती धातूच्या तुकड्याला जागेवरून ढकलते. जिगमध्ये नळी सैल असावी, बोटाने हलावी इतकी.

कार्बनचे तंतू गुंडाळणार असाल आणि बीबी शेल अ‍ॅल्युमिनिअमचं असेल तर मध्ये काचतंतूंचा एक थर हवाच, नाहीतर घाम-पाण्यात अ‍ॅल्युमिनिअम गंजतं आणि शेल सुटतं. शक्य असेल तर शेल आणि हेडट्यूब लोखंडाचीच घ्या. उन्हात अ‍ॅल्युमिनिअम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं.

आता सगळ्यात कामाची वेळ. भुसा-रेझिनचा टॅक, म्हणजे तात्पुरता सांधा, वाळला, फ्रेम स्वतःच्या अंगावर उभी राहते, पण गुंडाळी अजून झालेली नाही. या टप्प्यावर फ्रेम जिगमधून अलगद काढा. मागचं चाक घाला, फोर्क आणि पुढचं चाक घाला, क्रँक फिरवा, साखळीसुद्धा टाका. बसू मात्र नका. एका ड्रॉपआउटपासून सुतळी सोडून हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि दोन्ही बाजूंनी सुतळी ते सीट ट्यूब हे अंतर मोजा. सीट ट्यूबही बांबूची असेल तर तिच्या मध्यरेषेपासून धरा. एक मिमीचा फरक सोडून द्या. तीन मिमी असेल तर टॅक करवतीने कापून पुन्हा लावा. सीट ट्यूबला ओळंबा लावून हेडट्यूब तिच्याशी समांतर आहे का ते मागून एका डोळ्याने बघा. हेड अँगल पुन्हा मोजा. इथे टॅक कापायला दहा मिनिटं लागतात. गुंडाळीनंतर अख्खी फ्रेम जाते. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी या टप्प्यावर एक रात्र थांबायला लावतो. "झालं ना भो, गुंडाळून टाकू" असं प्रत्येक जण म्हणतो.

गुंडाळी करताना आपल्या हवेचा विचार करा. रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर हाताळायला मिळणारा वेळ तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मा होतो. डब्यावर लिहिलेली मुदत २५ अंशांची असते. एप्रिलमध्ये भुसावळला दुपारी पत्र्याखाली ती मिळणार नाही. पहाटे करा, थोडं थोडं कालवा, आणि कालवलेलं खोल पेल्यात न ठेवता पसरट ताटलीत ठेवा, पेल्यात ते स्वतःच्याच उष्णतेने उकळतं.

आणि वाळल्यानंतरचं काम टाळू नका. साध्या खोलीच्या तापमानाला वाळलेलं बरंचसं इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. जळगाव-धुळ्याला मे महिन्यात सावलीत ४५ असतं. उन्हात उभ्या सायकलचा काळा सांधा याच्या बराच वर जातो. मऊ पडलेला सांधा तुटत नाही, तो हळूहळू सरकतो, आणि एका उन्हाळ्यात हेड अँगल बदललेला सापडतो. म्हणून पूर्ण फ्रेम थर्माकोलच्या खोक्यात किंवा गोधड्या लावलेल्या पेटीत ठेवून, बल्ब किंवा हीटरने हळूहळू, तासाला दहाएक अंशांनी, रेझिनच्या कागदावर दिलेल्या तापमानापर्यंत न्या आणि तिथे सांगितले तितके तास ठेवा. बल्ब थर्माकोलला किंवा गोधडीला चिकटू देऊ नका. फ्रेम या वेळी जिगमध्येच आवळलेली असावी. त्यानंतर वरून पांढरट किंवा फिकट रंगाचा हात मारला तर उन्हाचा मार आणखी कमी होतो. काळे कार्बनचे सांधे फोटोत छान दिसतात, पण ते फोटो बहुधा थंड देशांतले असतात.

इतकं करूनही चालवल्यावर काहीतरी खटकेलच. त्यासाठीच ४४ मिमीची हेडट्यूब सांगितली: तिच्यात तिरके कप असलेला हेडसेट बसतो आणि हेड अँगल एका अंशाने पुढेमागे करता येतो. स्टेम ३५ पासून ७० पर्यंत बदलता येतो. सीट रेलवर पुढेमागे सरकते, म्हणजे सीट अँगलची थोडीफार चूक झाकली जाते. फोर्कचा ट्रॅव्हल आतले स्पेसर बदलून १०० वर आणता येत असेल तर तीही सोय आहे. चेनस्टे, बीबीची उंची आणि फ्रेमचा सरळपणा मात्र बदलता येत नाही.

तुमच्या पुढच्या कामाचा क्रम म्हणजे फोर्क आणि हब मोजणं, मग चित्र. चित्र काढून झालं की त्यावर खरं मागचं चाक आणि क्रँक चेनरिंगसकट आडवं ठेवा आणि वरून, अगदी सरळ, एक फोटो काढून पाठवा. बाजूला स्टीलची पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. टायर आणि चेनरिंगच्या मधली जागा बघून मानवेलची काठी १८ ची चालेल की लोखंडी जोड लागेल ते सांगतो. तोवर बांबू कापू नका.